सपाट गावाचा शोध

रोंडा कॉटलला पोर्तुगालला जायचं होतं ते मौजमजेसाठी नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण हॅकर्स बेंड या आमच्या गावच्या चर्चमधल्या बायकांनी नेमकं उलटं पसरवलं होतं. तिला जायचं होतं बापासाठी. डेलबर्ट कॉटल एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत उतरला. आता वय ऐंशी, छातीत खाणीची धूळ, नाकात ऑक्सिजनची नळी. गावातला दवाखाना बंद झालेला आणि इस्पितळ डोंगरातल्या वळणांच्या रस्त्याने सव्वा तासावर. गेल्या जानेवारीत अ‍ॅम्ब्युलन्स बर्फात अडकली, तेव्हा मागे बसलेल्या रोंडाने बापाचे ओठ निळे पडताना पाहिले. डॉक्टरकडे चालत जाता येईल अशा गावात म्हाताऱ्याला न्यायचं, हे तिने त्याच दिवशी ठरवलं. इकडे अशी गावं आहेत, पण ती रोंडासारख्यांना परवडणारी नाहीत. म्हणून मग परदेश.

तिचं काम कुठूनही होणारं होतं. ओहायोमधल्या कोलंबस शहरातल्या एका विमा कंपनीचे दावे ती लॅपटॉपवर तपासायची. साथीच्या वर्षी दोन आठवड्यांसाठी म्हणून ती इकडे वेस्ट व्हर्जिनियात बापाकडे आली आणि पाच वर्षं राहिली. कंपनीने विचारलं नाही, हिने सांगितलं नाही. कागदोपत्री ती अजून कोलंबसला, मैत्रिणीच्या पत्त्यावर राहत होती. घरून काम करणारी किती माणसं असं करतात, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

गाव निवडण्यात अख्खा उन्हाळा गेला. फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर तिने रकाने आखले होते: इंटरनेट, पायी जाण्याजोगा दवाखाना, तळमजल्यावरचं घर आणि रस्त्याचा चढ. पहिले तीन कसेबसे जमायचे. घोडं अडायचं ते चौथ्यात. तिकडची सुंदर गावं सगळी जाऊन बसलीत ती टेकड्यांवर.

"हे बघा डॅडी, काय गोड गाव आहे!" ती लॅपटॉप बापासमोर धरायची.

"पुन्हा डोंगरच? अगं, डोंगर इथे काय कमी पडलेत?"

"दृश्य तरी बघा!"

"ते तू बघ. माझ्या फुप्फुसांना डोळे नाहीत."

असं करत अकरा गावांवर काट बसली. मग साओ टेल्मो सापडलं, नदीकाठचं लहानसं गाव. तिथल्या घरमालकीण ग्रासाबाई. एका सकाळी रोंडाने त्यांना फोनच्या कॅमेऱ्यावर गाठलं आणि रस्त्याला चढ किती ते विचारलं. बाई आधी हसल्या. मग आत जाऊन नातवाचा चेंडू घेऊन आल्या आणि भर रस्त्यात ठेवून बाजूला झाल्या. चेंडू जागचा हलला नाही.

"डॅडी, इकडे या! लवकर!"

डेलबर्ट नळी सावरत आला, चष्मा लावला आणि चेंडूकडे कितीतरी वेळ बघत राहिला.

"दवाखान्याच्या दारापुढे ठेवायला सांग."

ग्रासाबाई निघाल्या. फोनमध्ये त्यांची पावलं वाजत होती आणि डेलबर्ट ती मोजत होता. दोनशे चाळीस. दवाखान्यापुढेही चेंडू गप्प बसून राहिला.

"ठीक आहे," डेलबर्ट म्हणाला. पाच महिने मनधरणी करून रोंडाला मिळालेला होकार तो एवढाच.

पण तो माणूस एकदा हो म्हणाला की मागे वळून बघणारा नव्हता. पुढच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर तो सगळ्यांसमोर उभा राहिला आणि आपल्या ट्रकची किल्ली शेजारच्या वेनच्या हातात ठेवली. "पोरगी मला समुद्रापलीकडे घेऊन चाललीय. ट्रक आता तुझा." बायका रडल्या, वेनही रडला. आमच्या या डोंगरांत म्हातारा माणूस हयातीत ट्रक देतो, तेव्हा तो परत न येण्याच्या तयारीनेच देतो. दिलेला ट्रक कोणी परत मागत नाही.

आता फक्त व्हिसा राहिला होता. त्यासाठी कंपनीचं पत्र हवं होतं: ही बाई परदेशातून काम करू शकते, आमची हरकत नाही. रोंडाने कंपनीचा अर्ज उघडला. त्यात एक ओळ होती: सध्या कुठून काम करता? तिने जरा विचार केला. हे पत्र दुसऱ्या देशाच्या सरकारपुढे जाणार, तिथे खोटं कसं चालेल? आणि तिने हॅकर्स बेंडचा पत्ता लिहून टाकला. पाच वर्षं सुखाने झाकून ठेवलेली गोष्ट, आणि हिने ती आपल्या हाताने उघडून साहेबांच्या टेबलावर ठेवली. इतका राग येतो तिचा, की विचारू नका.

नवव्या दिवशी तिचा साहेब प्रेस्टन पडद्यावर आला. तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, मनाने वाईट नाही.

"रोंडा, पत्र मिळणार नाही. वेस्ट व्हर्जिनिया वेगळं राज्य, तिथे माणूस ठेवायची कंपनीची नोंदणीच नाही, तर पोर्तुगालचं काय घेऊन बसलात? वरचे लोक भडकलेत. तीस दिवसांत कोलंबसच्या ऑफिसात हजर व्हा, नाहीतर नोकरी संपली."

"पाच वर्षं मी इथूनच काम केलंय. एक चूक दाखवा."

"चूक नाहीच हो."

"माझ्या वडिलांना ऑक्सिजन लागतो, प्रेस्टन. माझ्याशिवाय त्यांचं कोणी नाही."

प्रेस्टनने चष्मा काढून डोळे चोळले. "तुम्ही ती ओळ का भरलीत? तिथे जुना पत्ता टाकला असतात तर कोणी बघितलंही नसतं. आता लिहून दिलंत. लिहिलेलं मला कसं पुसता येईल?"

तिने वरच्यांना दोन पत्रं लिहिली. दोन्हींना एकच उत्तर आलं, शब्दही तेच. नोकरी सोडावी तर तिच्याबरोबरचा आरोग्य विमाही जाणार, आणि चोपन्नाव्या वर्षी या दरीत तिला काम कोण देणार? ग्रासाबाईंनी घर महिनाभर राखून ठेवते असं कळवलं. त्या चांगुलपणाने तर रोंडाला आणखीच रडू आलं.

बापाला सांगायला तिला तीन दिवस लागले. सकाळची कॉफी होती. डेलबर्टने सगळं ऐकून घेतलं आणि पावाला लोणी लावत राहिला.

"डॅडी, तुम्ही चला ना माझ्याबरोबर कोलंबसला."

"तू दिवसाचे दहा तास ऑफिसात. मी कुठल्या तरी खोलीत भिंतीकडे बघत. एकटंच बसायचं तर इथे बसेन, इथल्या भिंती तरी ओळखीच्या आहेत."

"मग मी वेनला सांगून ट्रक..."

"त्याचं नाव काढायचं नाही."

"मी दर शनिवारी येईन."

"रस्ता चांगला असला तर ये."

"माझंच चुकलं. ती एक ओळ..."

"खरं लिहिलंस ना? मग झालं तर. खोटं लिहायला मीच नव्हतं ना शिकवलं तुला." तो हसायला गेला आणि खोकल्याची उबळ आली. रोंडा पाठ चोळत उभी राहिली.

जायच्या आदल्या दिवशी तिने स्वयंपाकघरात बसवायला छोटा कॅमेरा आणला. कोलंबसला बसून काम करता करता पडद्याच्या कोपऱ्यात तिला बाप दिसणार होता. ती खुर्चीवर चढली आणि कॅमेरा भिंतीवर, टेबलाशी बसलेल्या बापाच्या तोंडाकडे रोखून धरला.

"इथे ठीक आहे?"

डेलबर्टने मान वर करून नीट पाहिलं.

"तिथे नको. वर लाव आणि तोंड खाली कर. पडलो तर जमिनीवरचा दिसायला हवा."

मग तिने स्क्रू काढले आणि कॅमेरा छताजवळ लावला.