वस्तादानं बांधलेलं इंजिन

आमच्या धंद्यात एक रीत होती. वस्तादानं बांधलेलं इंजिन शागिर्दानं तपासायचं नाही. एकदा त्यानं इंजिन खोलून, नीट करून, बंद केलं की त्याच्या ऑइलचं झाकणही शागिर्द उघडत नव्हता. उघडलं म्हणजे वस्तादावर भरोसा नाही, असा अर्थ निघे. आग लागो त्या रीतीले! तिच्या आडून मी सख्ख्या बहिणीचं घर बुडवलं.

पुसदले वस्तादाच्या गॅरेजात मी बारा वर्षं काढली. पाना धरायले त्यानंच शिकवलं, अन् लई पळालेली जुनी गाडी कशी पाहायची हेही त्यानंच. म्हणे, मीटर पाहूच नको, मीटर मागं फिरवता येते, झीज फिरवता येत नाही. सकाळी जा, इंजिन थंडं असताना. आधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर समज, दुखणं लपवायले तू यायच्या आधी कोणीतरी चालू करून ठेवलं. मग ऑइलची कांडी ओढ, ऑइल बोटावर चोळ. त्याले गुळाच्या पाकासारखी तार सुटली तर आत गिअरचं घट्ट ऑइल ओतलं आहे, झिजलेल्या इंजिनाची खटखट दाबायले. शेवटी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघड, भसाभसा धूर आला तर पिस्टन संपले.

त्या वर्षांत कापसानं जिल्ह्याचं कंबरडं मोडलं होतं. धाकट्या बहिणीचा नवरा, आमचे जवाई, महागावकडच्या खेड्यात कपाशी लावून लावून विटले होते. एक दिवस गॅरेजात येऊन म्हणाले, "भाऊ, बस झालं आता. बैलजोडी विकली. जीप घेतो अन् महागाव-पुसद सवाऱ्या मारतो. जमलं तर गावात राहू, नाही जमलं तर गाठोडं बांधून पुण्याकडं." एवढंच होतं त्याहिच्याजवळ, एक बैलजोडी. वस्तादाजवळ एक जीप विकायले उभी होती. वस्ताद म्हणाला, "घेऊन टाका. इंजिन मी बांधलं आहे."

गाडी पाहायच्या दिवशी बहीणही आली, लेकराले कडेवर घेऊन. सकाळचे आठ वाजले होते, थंडीचे दिवस. बॉनेटवर हात ठेवला तर गरम. वस्ताद बाजूले चहा पीत उभा होता, माझ्याकडं पाहतही नव्हता. कांडी ओढली, ऑइल बोटावर घेतलं, चोळलं. तार सुटली. मी बोटं पँटले पुसली. झाकणाकडं हात गेला, तसा वस्ताद खाकरला. हात मागं घेतला.

बहिणीनं विचारलं, "दादा, आमच्या जागी तू असता तर घेतली असती का ही गाडी?"

मी म्हटलं, "हो. घेतली असती."

बस्स, एवढंच बोललो. मुस्कटात मारावी अशी माणसं असतात, त्यातला मी एक.

त्यानंतर दर रविवारी मी महागावकडं जायचो, बिनपैशाची सेवा करायले. टॅपेट सेट कर, फिल्टर बदल, रेडिएटरचं पाणी पाह. घट्ट ऑइल उतरवायची तर हिंमतच नव्हती, उतरवलं असतं तर खटखट अख्ख्या गावानं ऐकली असती. जवायाले सांगायचो, "चढावर जोर देऊन गाडी रेमटू नका, सवाऱ्या कमी भरा." काहून ते सांगत नव्हतो. जवाई गावभर म्हणायचे, "असा साळा सात गावात भेटणार नाही!" बहीण अंड्याचा रस्सा करायची अन् मी निर्लज्जासारखा दोनदा वाढून घ्यायचो. त्या दिवसांत एकदा जरी तोंड उघडलं असतं, तरी इंजिन खोलून वाचवता आलं असतं. दर रविवारी ठरवून जायचो अन् जेवून परत यायचो.

उन्हाळा लागला तसं ते घट्ट ऑइल पातळ पडलं. एका लग्नाच्या सवाऱ्या घेऊन जात असताना चढावर पिस्टनचा कनेक्टिंग रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला. माणसं वाचली, इंजिन गेलं. जीप भंगारात निघाली. मी तणतणत वस्तादाकडं गेलो, नाही नाही ते बोललो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं अन् म्हणाला, "तुले तर कळलं होतं. मग तू काहून नाही बोलला?"



जवाई अन् बहीण पुण्याले गेले. बांधकामावर राहिले, पत्र्याच्या खोलीत. जवाई तिथंच खंगून वारले. एवढ्या वर्षांत बहिणीनं मले एका शब्दानं बोल लावला नाही. उलट कोणी विषय काढला की म्हणायची, "दादाले तरी काय माहीत, त्यालेही फसवलं वस्तादानं." मी मान खाली घालून ऐकायचो.

कडेवरची ती लेक आता सिस्टर झाली, मुकुटबनकडं दवाखान्यात आहे. मायले तिनं आपल्याजवळच आणलं. यंदा तिनं जुनी कार घ्यायचं काढलं. मले फोन केला, "मामा, तुम्हीच पाहा. दुसऱ्या कोणावर भरोसा नाही."

पहाटेच गेलो. गाडी रात्रीच त्यांच्या अंगणात आणून ठेवायले लावली होती. बहीण दारात उभी राहून पाहत होती. या खेपेले काही सोडायचं नाही, असं ठरवूनच गेलतो. बॉनेटवर हात ठेवला. थंडगार. कांडी ओढली, ऑइल बोटावर चोळलं, अन् भाचीले समजावून सांगू लागलो, "हे पाह, घट्ट असतं तर याले तार सुटली असती. मग समजायचं, आतलं दुखणं झाकलं आहे." गाडी चालू करून झाकण उघडलं, धूर नाही. आवाज एकदम साफ. मी खुशीत बोटं पँटले पुसली.

तेव्हा बहीण म्हणाली, "त्या दिवशीही तू असंच केलतं."

मी वर पाहिलं.

"बॉनेटवर हात ठेवलता. बोटं चोळली होती. अशीच पँटले पुसली होती." ती चिडली नव्हती, रडतही नव्हती. "तुले मालूम होतं, दादा."

ती आत गेली. भाचीले यातलं काय समजलं कोण जाणे, तिनं विचारलं, "मग मामा, घेऊ ना गाडी?"

गाडी चांगली होती. खरंच चांगली होती. मी म्हटलं, "घे बाई, डोळे झाकून घे."

आतून बहिणीचा आवाज आला, "त्याले नको विचारू. दुसरा मिस्त्री बोलाव."