विहिणीला चिडवायचा हक्क

माझ्या लग्नाच्या रुखवतात सांडगे, पापड आणि साखरेच्या बाहुल्या यांच्या मधोमध एक चित्र ठेवलं होतं. आईने सांगितलं, मी काढलं. नवऱ्या मुलाची आई खुर्चीत ऐटीत बसलेली, हातात रिकामी बशी, आणि खाली लिहिलेलं, 'विहीणबाईंचा चहा अजून आला नाही.' साखरपुड्याला त्यांनी चहासाठी घर डोक्यावर घेतलं होतं, त्याची ही परतफेड. रुखवतात विहिणीची थट्टा चालतेच. नाही केली तर तिलाच चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. तरी मांडवात सगळे हसले आणि सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. मी मनात म्हटलं, झालं, आता माझं काही खरं नाही.

पण आई कसली थांबतेय! संक्रांत आली, दिवाळी आली की आर्वीहून तिचा फोन यायचा. "तुह्या सासूले यंदा कुलरसमोर झोपव. तोंड उघडं ठेवजो."

मग सिंदी मेघे गावातल्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर मी रंग मांडायची आणि सासूबाईंसाठी सणाचं कार्ड काढायची. कुलरसमोर घोरणाऱ्या सासूबाई. एसटीत पिशव्या ठेवून तीन सीटा अडवणाऱ्या सासूबाई. कार्ड हातात पडलं की त्या चष्मा लावून ते नीट बघायच्या, "लय शहाणी हाये तुही माय" म्हणायच्या आणि कपाटात ठेवून द्यायच्या. मला या दोघींचं भारी कौतुक वाटायचं, पण मध्ये सापडायची मी.

मागच्या पावसाळ्यात आई गेली. कार्डं थांबली.

जुनी काही कार्डं मी सहज मोबाईलवरून सोशल मीडियावर टाकली होती. ती बघून पुण्याच्या एका भेटवस्तू बनवणाऱ्या कंपनीचा फोन आला. चित्रं माझीच राहतील, पण कॉफीचे मग, उशा आणि शुभेच्छापत्रांवर ती छापायचं लायसन्स त्यांना हवं होतं. चित्रातली बाई खरी असेल तर तिची लेखी संमती लागेल, असंही म्हणाले. दवाखान्याच्या कचेरीत केसपेपर लावण्यात माझे दिवस जातात. कोणी माझ्या चित्रांसाठी पुण्याहून फोन करेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मला ते काम हवंच होतं.

सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे पुण्यातली कोनतीबी बाई मले हसन?"

"हो, पण मायेनं हसेल."

"काऊन? ते काय माही इनबाई हाये?"

विहिणीशिवाय दुसऱ्या कोणी हसायचं नाही म्हणे! मला रागच आला. इतकी वर्षं थट्टा चालली, आणि आता माझ्या पदरात काही पडायची वेळ आली तर यांनी आडकाठी घातली. त्या संध्याकाळी मी भांडी जरा जास्तच आपटली.

दोन-तीन दिवसांनी त्या स्वतःच माझ्याजवळ येऊन बसल्या.

"करतो मी सही. पन मले एकटीले नको धाडू. बाजूले तुह्या मायले बसव. ते हसून राह्यली पाह्यजे. मंग बाकीच्यायले हसू दे."

मी कंपनीला कळवलं, दोघी येतील नाहीतर कोणीच नाही. ते तयार झाले.

आणि मग माझ्या लक्षात आलं की आईला मी कधी काढलंच नव्हतं. ती नेहमी फोनवर, कार्डाच्या बाहेर. कागद समोर घेतला की डोळे भरून यायचे. शेवटी एका रविवारी जमलं. तोंडाला पदर लावलेली, गालातल्या गालात हसणारी आई. मी ते सासूबाईंच्या हातात दिलं आणि उभी राहिले.

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग मान हलवून कागद मला परत दिला.

"हे तं भिंतीवरच्या फोटोतलं हसनं झालं. माह्यावर हसे तवा पोट धरून हसे ते. तसं काढ."