मास्तरांची मुशाबहत

“रिझेम्ब्लन्स! यानी मुशाबहत! सूरत का मिलना!”

मास्तर वर ओरडत होते. धुळ्यात खाली माझा फोटो स्टुडिओ आणि वरच्या मजल्यावर उर्दू शाळेच्या पोरांसाठी त्यांचा इंग्रजीचा क्लास. त्यांच्या आवाजानं माझ्या भिंतीवरचे नवरदेव दचकायचे आणि नरडाणा स्टेशनात न थांबणारी गाडीसुद्धा थांबायची. शब्द समजावायला ते दोन सख्खे भाऊ उभे करून नाकाला नाक भिडवत. स्वतः मात्र तसबीर हराम म्हणून कधी फोटो काढू देत नसत. शाळेच्या ग्रुप फोटोतही ऐन वेळी चपलेचा पट्टा लावायला वाकायचे.

त्या दिवशी माझ्याकडे एक अक्का आली होती. तिचा तरणा मुलगा तापीत बुडाला होता आणि त्याचा एकही फोटो नव्हता. अशा वेळी आमच्याकडे चेहरा जुळणाऱ्या भावाला बसवून फोटो काढतात. याला भाऊच नव्हता.

“त्यानं तोंड मी इसरी चालनी, भाऊ,” ती म्हणाली. पोराचा चेहराच ती विसरत चालली होती.

तेवढ्यात मास्तर जिना उतरले. त्यांच्या जुळलेल्या भुवया बघून अक्का किंचाळली, “हाऊच मना पोऱ्या शे!”

मी मास्तरांना तिच्या बुडालेल्या पोराचं सांगितलं. मग त्यांनी माझी पांढरी गांधी टोपी घातली, कपाळाला गंध लावू दिलं आणि स्टुलावर बसले.

महिन्याभरानं अक्कानं आम्हाला जेवायला बोलावलं. भिंतीवर मास्तर होते, गळ्यात हार, पुढ्यात उदबत्ती. त्याच भिंतीखाली मास्तर जेवले.

परतताना मी विचारलं, “मास्तर, कसं वाटलं?”

“फूल ताजे थे,” ते म्हणाले.