गाडीवाल्याची दोन घड्याळं

बहारीनला बोट लागली, तेव्हा मी सहलीची बस सोडून स्वतःच गाडी केली. गाडीवाला कोकणातला निघाला. त्याच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं होती. मी बसताच त्याने विचारलं, "काकू, बोटीवर किती वाजलेत?" मी सांगितलं, तसं त्याने उजव्या हातातलं तासभर पुढे केलं.

अदलिया या कॅफेंच्या वस्तीत मी निवांत कॉफी पीत बसले होते. मोबाइलवर इथले तीनच वाजले होते.

"यल्ला काकू, उठा. बोटीवर चार झाले. पाचला शिडी काढतील."

मोबाइलच्या भरवशावर राहिले असते, तर बोट गेलीच होती.

बंदरावर उतरताना मी विचारलं, "आणि गावच्या वेळेचं घड्याळ कुठाय?"

मनगटांकडे न बघताच तो हसला. "त्याला घड्याळ कशाला? आत्ता आई कोंबड्या डालत असेल."