घाण म्हणणारे भाऊ

हेडफोनची एक बाजू कानावर दाबायची, दुसरा कान आपल्यासाठी मोकळा ठेवायचा आणि नासलेल्या दुधाचं पातेलं नाकाशी धरल्यासारखा चेहरा करून म्हणायचं, "घाण." आमच्या शेजारच्या भाऊंची संगीतसमीक्षा एवढ्यात आटपायची.

भाऊ गडचिरोलीच्या दवाखान्यात एक्स-रे काढत. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुलीचा टाकून दिलेला कॉम्प्युटर ताब्यात घेतला, इंटरनेटवरून संगीताचं फुकट सॉफ्टवेअर उतरवलं आणि घरातच गाणी करू लागले. ते सॉफ्टवेअर कुणालाही आतून उघडून बघता येतं, बदलता येतं, याचं त्यांना फार कौतुक. "लपवाले काय हाय त्याच्यात?" म्हणायचे. त्यांनी कौतुक केलेली मला आठवणारी ही एकमेव गोष्ट. वरातीतला डीजे घाण, टीव्हीवरचे गायक घाण, स्वतःचं कालचं काम तर फारच घाण. आमच्या शाळेचं स्वागतगीत मी लिहिलं होतं. "चाल घाण हाय," भाऊ म्हणाले, "अन् शब्दायचं तर विचारूच नका, मास्तर."

एकदा त्यांनी वहिनींकडून रोवणीचं गाणं म्हणवून घेतलं. वहिनींच्या माहेरचं, धानोऱ्याकडचं. चिखलात वाकून धान लावताना बाया म्हणतात ते. वहिनींनी ते ओट्याशी उभ्यानं म्हटलं, भाऊंनी कॉम्प्युटरमध्ये भरून घेतलं. त्यानंतर वर्षभरात त्या गेल्या. त्यांचा आवाज म्हणून घरात तेवढंच उरलं.

भाऊ त्या गाण्याला चिकटून बसले. त्यातली पंख्याची कटकट काढून टाकली, कुकरची शिट्टी काढून टाकली. तालासाठी सुपात तांदूळ पाखडले आणि तो आवाज भरला. खाली हार्मोनियम ठेवली. पडद्यावर प्रत्येक आवाजाची वेगळी ओळ असे. सुपाची एक, पेटीची एक, वहिनींची एक. हवी ती बंद करा, हवी ती ठेवा. आणि असं ते अख्खं गाणं, सगळ्या ओळी सुट्या ठेवून, त्यांनी इंटरनेटवर सगळ्यांना घ्यायला ठेवून दिलं.

मी म्हटलं, "भाऊ, कुणीही काहीही करेल."

"मी फुकट घेतलं ना बाप्पा? मंग देतानी काऊन कुलूप लावू?"

आमच्या वॉर्डातल्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस आला. अशा वाढदिवसांचं तुम्हाला सांगायला नको. चौकात हार घातलेला फलक, फलकावर साहेबांचं कपाळापासून पोटापर्यंत सगळं, आणि कपाटाएवढे स्पीकर. भाऊंचा सत्कार होता, म्हणून मीही गेलो. निवेदकानं त्यांना "जिल्ह्याचा संगीतसूर्य" केलं. शाल घातली, नारळ दिला. "भाऊंच्याच संगीतावर साहेबांचं गीत," असं म्हणून स्पीकर सुरू झाले.

सूप आमचंच होतं. पेटी आमचीच होती. वरती कुणीतरी घसा ताणून साहेबांना वाघ म्हणत होतं, आणि दर कडव्याला डीजे स्वतःचं नाव ओरडत होता. वहिनी कुठेच नव्हत्या.

भाऊंनी माइक घेतला. "इच्यातली बाई कुठी हाय?"

डीजे खालून म्हणाला, "बंद केली जी. आवाज जुना वाटून राह्यला होता. बेस बसतच नव्हता."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सभेत कुणी थांबलं की आपल्याकडे टाळ्या वाजतात. भाऊंनी शाल काढली, घडी करून खुर्चीवर ठेवली आणि माइकमध्येच म्हणाले, "घाण."

त्या संध्याकाळी त्या स्पीकरमधून स्वच्छ ऐकू आलेला शब्द तेवढाच.

घरी येताना मी संतापलो होतो. तक्रार करू म्हटलं, गाणं काढून घ्या म्हटलं. भाऊ वैतागले. "काढू कसं? बदलवाची मोकळीक मीच देली. मोकळीक देली तं घाण कराची बी देली."

आठवड्यानं त्यांनी मला बोलावलं. पडद्यावर एकच ओळ होती. सूप गेलं होतं, पेटी गेली होती. काढून टाकलेले पंखा आणि कुकर मात्र परत आले होते. जसं भरलं तसंच, न छाटलेलं गाणं त्यांनी इंटरनेटवर ठेवलं होतं.

"आता करा म्हणा बंद," भाऊ म्हणाले. "एकच हाय. थे बंद केली तं वाघाच्या मांगं काहीच वाजत नाई."

मी शेवटपर्यंत ऐकायला थांबलो नाही. शाळेची वेळ झाली होती.

या उन्हाळ्यात भाऊ गेले. मुलगी चंद्रपूरला असते. तिनं घराला कुलूप लावलं. गाणं अजून आहे, कुणीही घेऊ शकतं. परवा मी ते पूर्ण ऐकलं. पंखा कटकटतो, वहिनी गातात, मधेच शिट्टी होते तेव्हा थांबतात, पुन्हा तिथूनच उचलतात. गाणं संपतं. मग वहिनी विचारतात, "कसं झालं जी?"

थोडा वेळ नुसता पंखा.

"घाण," भाऊ म्हणतात.

आणि वहिनी हसू लागतात. हसता हसता कुणाच्या तरी हातून झाकण खाली पडतं, आणि ते गोल फिरत थांबेपर्यंत कुणी रेकॉर्डिंग बंद करत नाही.