सुगंधाबाईच्या चुलीवर शेकलेला ढोल

सुगंधाबाईला दंडार अख्खी तोंडपाठ होती, पण तिनं ती कधी पाहिली नव्हती. खोटं वाटेल, पण देवाशपथ खरं आहे. गाणी, नाच आणि सोंगं यांचा तो रातभराचा खेळ मोहझरीच्या मंडईत दर वर्षी व्हायचा, आणि मांडवापासून दहा पावलांवर सुगंधाबाई चौदा वर्षं भज्यांची कढई लावून बसायची. पण वारा यायचा तळ्याकडून. चुलीचं तोंड वाऱ्याला धरून ठेवलं नाही, तर सगळा धूर बघणाऱ्यांच्या डोळ्यांत जायचा. म्हणून बाईची पाठ कायम मांडवाकडे. राजा कधी रागावतो, राणी कधी रडते, सोंगाड्या कुठे घसरतो, हे सगळं तिला कानानंच ठाऊक. घाणा तळता तळता ती राणीच्या आधी राणीचं गाणं म्हणून मोकळी व्हायची.

मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणारा मेळा. आज या गावी, परवा त्या गावी. लेकी-जावई यायचे, पाहुण्यांनी घरं फुगायची, आणि दिवस मावळला की सगळी माणसं दंडारीला. सुगंधाबाई विधवा, चाळिशी उलटलेली, अंगानं काटकुळी. तोंडाचा पट्टा मात्र असा, की सिंदेवाहीच्या बाजारात तिच्याशी घासाघीस करायला पोलीसपाटीलसुद्धा दबकत यायचे. नाकावर राग आणि हाताला चव. जवसाच्या तेलातली तिची कांदाभजी खायला माणसं दोन कोस चालत येत.

तिच्या चुलीचं आणखी एक काम होतं. कार्तिकातलं दव पडायला लागलं की ढोलाचं चामडं ओलावतं, सैल पडतं, आणि थाप मारली की नुसतं भद् भद् वाजतं. म्हणून दंडारीचा ढोलवाला दसरू खेळाआधी ढोल घेऊन सुगंधाबाईच्या चुलीशी बसायचा. मोहाच्या लाकडाच्या निखाऱ्यावर ढोल दोन्ही बाजूंनी शेकायचा. चामडं ताणलं की उठून पहिली थाप द्यायचा, आणि त्या थापेसरशी बाई रात्रीचा पहिला घाणा तेलात सोडायची. थापेच्या आधी तिच्याकडे कुणी भजी मागायची नाहीत. मागितली तर शिव्या खायच्या.

"बाई, तुमच्या चुलीबिगर माह्या ढोलाले गळा नाई," दसरू म्हणायचा.

"गळा राहू दे, माह्यं लुगडं कुठी गेलं ते सांग पह्यले."

हे लुगड्याचं रडगाणं चार वर्षांचं जुनं. लाल काठाचं हिरवं लुगडं मंडईच्या आदल्या दिवशी वाळत घातलं होतं, ते गेलं ते गेलंच. शेजारच्या पानवाल्या कमळाबाईच्या गाईनं खाल्लं, असा बाईचा ठाम निकाल. त्यावरून दोघी तीन महिने बोलल्या नव्हत्या. विषय निघाला की दसरू मान खाली घालून ढोलाच्या दोऱ्या ओढत बसायचा.

तर एकोणीसशे चोपन्न साली या सगळ्यावर पाणी पडायची वेळ आली. मंडईचा कारभार आला भैयाजींकडे. भैयाजी गावातल्या धानगिरणीचे मालक, वय तिशीच्या आत, दोन वर्षं नागपूरला राहून आलेले. माणूस वाईट नव्हता हो, पण नागपूर डोक्यात गेलं होतं. त्यांनी जाहीर केलं की यंदा मंडईत नागपूरची नाटक कंपनी येणार. तंबू, पडदे, गॅसबत्त्या, तिकीट. दंडार बंद.

"आणि तंबूच्या जवळ एकही चूल नको," भैयाजी म्हणाले. "धुरानं पडदे काळे होतात. जवसाच्या तेलाचा वास मारते. सगळ्या दुकानदारांनी तळ्याच्या पाळीवर जावं."

तळ्याची पाळ म्हणजे तळ्याचा मातीचा काठ, आणि मधे अख्खा धानाच्या शेतांचा पट्टा. तिथे रात्री कोल्हासुद्धा भजी खायला यायचा नाही. सुगंधाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण दुकानापेक्षा तिला दुसऱ्याच गोष्टीनं हैराण केलं. ती तडक दसरूच्या घरी गेली, तर हा पठ्ठ्या ओसरीवर ढोलाला चिंधी गुंडाळत बसलेला.

"हे काय करून राह्यला गा?"

"बांधून ठेवतो. मंडई झाली का बल्लारशाले जातो, कोळशाच्या खाणीत. बुधूही येतो म्हणते. ढोल कोणी घेते त पाहा."

बुधू म्हणजे दंडारीतली राणी. मिशा काढून असा लाजायचा की म्हाताऱ्या बायकासुद्धा कौतुकानं बोटं मोडायच्या, असं म्हणतात. बाईनं पाहिलं कुठे होतं! पण तो आवाज तिच्या कानात बसला होता. ढोल गेला, राणी गेली, की दंडार संपली. एकदा मोडलेली मंडळी पुन्हा उभी राहत नाही, हे तिला न सांगता कळत होतं. नवरा गेल्यावर पहिल्या वर्षी ती मंडईत कढई घेऊन बसली होती, आणि याच ढोलाच्या थापेवर तिनं आयुष्यातला पहिला घाणा सोडला होता. तो ढोल कुणा परक्याच्या घरी धान्य भरून ठेवायला जाणार?

"तुले वाजवायचं आहे का नाई?"

"वाजवाची हौस नाई का मले? पण सुपारी कुठी आहे?"

इथेच घोडं अडलं. गावानं सुपारी दिल्याशिवाय दंडार उभी राहायची नाही, ही बापजाद्यांची रीत. बाईनं लगेच कनवटीची सुपारी काढून पुढे धरली. दसरूनं हात मागे घेतला.

"एका घरची चालत नाई, बाई. गावाची पाह्यजे. भीक मागून नाचलो असं नाई म्हणून घेणार मी."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मान ताठ होती. असल्या माणसाशी भांडून उपयोग नसतो. बाई उठली.

सोमवारी ती सिंदेवाहीच्या बाजारात उतरली ती पदराची झोळी करूनच. बांगडीवाला, चुरमुरेवाला, गुळाचा चहा विकणारा म्हातारा, मडकी घेऊन बसलेले कुंभार, मंडईत दुकान लावणाऱ्या एकूणएक माणसासमोर ती उभी राहिली.

"सुपारी टाक."

"काहाले?"

"दंडारीची. रातभर लोकं जागतेत कोणाच्या जिवावर? दसरूच्या. आन् तू इकतेस कोणाच्या जिवावर? त्याच लोकाइच्या. टाक मुकाट्यानं!"

पाळीवर हाकललेले सगळे, त्यांचा राग आधीच धुमसत होता. कुणी एक टाकली, कुणी दोन. कमळाबाईनं तर पानाच्या डब्यातून मूठभर काढली आणि म्हणाली, "घे. आन् माह्या गाईनं तुह्यं लुगडं नाई खाल्लं."

"बरं बरं. नाई खाल्लं," बाई म्हणाली. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं माघार घेतली होती, त्यावरून काय ते समजा.

संध्याकाळी दसरूच्या ओसरीवर तिनं झोळी सोडली. सुपाऱ्या घरंगळत गेल्या, दोन तर थेट कोंबड्यांच्या खुराड्यात.

"हे घे गावाची सुपारी. गाव म्हणजे का एकटे भैयाजी आहेत? गाव म्हणजे बाजार. आता नाई म्हण, मंग सांगते तुले!"

दसरू एकेक सुपारी गोळा करायला लागला. हसतही होता आणि उपरण्यानं डोळेही पुसत होता. मग हळूच त्यानं ढोलाची चिंधी सोडली.

मंडईचा दिवस उजाडला. पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली दुकानदारांनीच मांडव घातला. कुणी बांबू आणले, कुणी मशालींना तेल दिलं. बाईनं चूल मांडली, पुन्हा वारा बघून, पुन्हा पाठ मांडवाकडे. दिवस मावळला. आणि गर्दी सगळी गेली तंबूत! गॅसबत्त्यांचा तो झगझगाट, रंगवलेले पडदे, लोकांनी कधी पाहिलेले नाहीत. जाणारच. पाळीवर दुकानदार, दंडारीची मंडळी आणि दोन कुत्री.

दसरू चुलीशी ढोल शेकत बसला. त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

"शेकून काय करू, बाई? कोणाले वाजवून दाखवू, झाडाले?"

तेल तापून तयार होतं, पीठ कालवलेलं होतं, आणि ती नुसतीच झारा धरून बसली होती. आपण उगाच याला आशा लावली, याचं हसं केलं, असं तिच्या मनात आलं आणि तिला रडूच कोसळायला लागलं.

तेवढ्यात बांधावरून एक म्हातारा ठेचकाळत आला. अंगात जरीचा अंगरखा, काखेत ढोलकी. नागपूर कंपनीचा ढोलकीवाला, लच्छू त्याचं नाव.

"माय, जरा आग मिळेल काय?" तो म्हणाला. "दवानं ढोलकी पार बसली. राजा एन्ट्री घेतो आन् ही भद् भद् करते, लोक हसून राह्यले. तंबूच्या आजूबाजूला चूल म्हणून नाही."

बुधू राणीच्या वेषात मोहाआड तयारी करत होता, तो तिथूनच ओरडला, "देऊ नको बाई! राहू दे तशीच!"

खरं सांगायचं तर बाईच्या मनातही तेच आलं. एक क्षणभर. मग तिनं म्हाताऱ्याच्या हाताकडे पाहिलं. बोटं दसरूसारखीच, थापेनं चपटी झालेली.

"गप बस रे! वाजवणाऱ्याले आग नाई देणार त कोणाले देणार?" ती म्हणाली. "बसा भाऊ. दसरू, सरक तिकडे."

दोघं चुलीच्या दोन बाजूंना बसले. ढोलकी शेकली, ढोल शेकला. लच्छूनं बोटांनी हळूच एक बोल काढला: तडाड्. दसरूच्या हाताला राहवेना, त्यानं ढोलावर उत्तर दिलं. लच्छूच्या भुवया वर गेल्या. त्यानं बोल बदलला. दसरूनं तो उचलला आणि वर आपली भर घातली. "असं काय!" म्हणत लच्छू मांडी ठोकून बसला. आणि मग जे दोघं पेटले! ढोल गर्जतोय, ढोलकी कडकडतेय, दंडारवाले टाळ घेऊन धावले. सुगंधाबाईच्या अंगावर काटा आला. "थाप पडली गा, थाप पडली!" ती ओरडली आणि पहिला घाणा तेलात सोडला.

तो आवाज शेतांवरून थेट तंबूत गेला, मागोमाग भज्यांचा वास. तिकडे राजा ढोलकीवाल्याची वाट बघत ताटकळलेला. आधी एक म्हातारी उठली. "आपली दंडार हाय ते," म्हणाली आणि चालायला लागली. तिच्या मागं तिचा जावई, त्याच्या मागं पाहुणे. घटकाभरात बांधावरून माणसांची रांग लागली. शेवटी तोंडाला रंग लावलेला कंपनीचा राजाही आला, कारण त्यालाही भूक लागली होती.

सगळ्यांत शेवटी भैयाजी आले, तणतणत.

"हे काय चालवलं आहे? माझा ढोलकीवाला कुठे आहे?"

"इथीच आहे. आन् तुमचा राजाही इथीच आहे, तिसरी पत्रावळ चालली त्याची," सुगंधाबाई म्हणाली. "तुमीही घ्या, भैयाजी. धूर हाय थोडासा, वासही मारते."

लोक खो खो हसले. भैयाजी लाल झाले. पण भजी समोर, ढोल कानात, आणि लहानपणी याच दंडारीत बापाच्या खांद्यावर बसून नाचलेला माणूस तो, किती वेळ रागावणार? पहिलं भजं त्यांनी उभ्यानं खाल्लं. दुसरं बसून. मग ते उठले, कमळाबाईच्या ठेल्यावरून एक सुपारी उचलली आणि दसरूच्या ढोलापुढे ठेवायला वाकले.

"पुढच्या वर्षाची. गावाकडून. चुकलं माझं."

दसरूनं हात जोडले. "मले नका देऊ. आता दंडारीची सुपारी बाईच्या हातात द्याची. जवापर्यंत मोहझरीत मंडई भरते तवापर्यंत."

"आन् तुह्यं बल्लारशा?" बाईनं विचारलं.

"कोण जाते तिकडे!"

भैयाजींनी सुपारी बाईच्या तेलकट तळव्यावर ठेवली. आणि काय सांगू, त्या बाईला, सुगंधाबाईला, बोलायला शब्द सापडेना! कमळाबाईनं ती संधी साधली. बाईच्या हातातला झारा काढून भैयाजींच्या हातात दिला. "लाल झाले का काढजा. जळले त तुमीच खाजा." आणि बाईला दंडाला धरून उठवलं. "चौदा साल पाठ करून बसली. चाल, आज समोरून पाह्य."

माणसांनी वाट करून दिली. सुगंधाबाई सगळ्यांत पुढे बसली, सुपारी मुठीत घट्ट. मशाली भडकल्या. दसरूनं थाप दिली, लच्छूनं ती झेलली, आणि मोहाआडून राणी निघाली. काय ते ठुमकणं, काय ते लाजणं! तोंडपाठ असलेलं सगळं पहिल्यांदा डोळ्यांसमोर उभं राहिलं, आणि बाईच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. राणी गिरकी घेत अगदी जवळ आली. बाईनं डोळे पुसले. पुन्हा पाहिलं.

हिरवं लुगडं. लाल काठ. पदराजवळ कढईच्या ठिणगीनं पडलेलं भोक, तिनंच रफू केलेलं.

"अगा बाप्पा! हे त माह्यं लुगडं!"

ढोल थांबला. दसरूनं मान खाली घालून दोऱ्या ओढायला सुरुवात केली. कमळाबाईनं कमरेवर हात ठेवले. राणी जागच्या जागी थरथर कापत उभी, कारण बाईचं तोंड साऱ्या तालुक्याला माहीत होतं.

"राणीजवळ लुगडं नव्हतं, बाई," दसरू पुटपुटला. "मांगितलं असतं त तुमी दिलं नसतं."

सुगंधाबाई उठली. राणीपाशी गेली. चार वर्षं आपल्या पाठीमागे आपलंच लुगडं नाचत होतं! तिनं बुधूला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, घसरलेला पदर त्याच्या खांद्यावर नीट बसवला आणि खोचून दिला.

"शोभते मेल्याले," ती म्हणाली. "पण पदर असा घेतेत का राणीनं? नाच आता. पह्यल्यापासून नाच, मले सगळं पाह्याचं आहे!"