सरळ चिमट्याची सायकल

मल्हारराव इंगळ्यांनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सायकल घेतली, तेव्हा जयेंद्रगंजातल्या त्यांच्या गल्लीत जो तो विचारायचा, "कोणासाठी?" "माझ्यासाठी," असं म्हणून ते समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. त्यात त्यांना मजा यायची.

सायकल काळी होती. जाड, खरबरीत टायरांची, तरुण पोरं डोंगरात उडवतात त्या जातीची. फक्त गरीब घरची. गिअर एकही नाही. पुढच्या चाकाला धक्के पचवणारा शॉकर असतो, तोही नाही. त्या जागी लोखंडाचा सरळ चिमटा. दुकानातली सगळ्यात स्वस्त गाडी तीच. विकणारा दोनदा म्हणाला, "अंकल, थोड़ा और देख लो, गियर वाली आ जाएगी." पण मल्हाररावांनी मनाशी ठरवलं होतं. गाडीत जितकं कमी, तितकं बिघडायला कमी.

कंपू भागातल्या एका शाळेत ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. लोलक, भिंगं, तापमापक, सगळं त्यांच्या ताब्यात. बारीक तराजूत मिलिग्रॅमची वजनं ठेवायची असली की सर मुलांना मागे सारून त्यांनाच हाक मारायचे. घराणं कधीकाळी फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे हिंदी मुलखात आलेलं. "खापरपणजोबा घोडेस्वार, वडील हवालदार आणि मी सायकलस्वार," असं ते पाहुण्यांना सांगायचे. बायको सुधाताई आतून म्हणायच्या, "हो, आणि मी पायदळ."

पहिल्या वर्षभरात त्या सायकलीने त्यांना पुरतं वेड लावलं. रोज पहाटे उठून गुप्तेश्वरच्या टेकडीकडे जायचं, रस्ता सोडून मुरमाच्या पायवाटेला लागायचं आणि घामाघूम होऊन परतायचं. सरळ चिमट्यामुळे प्रत्येक खडा तळहाताला कळायचा. इतरांना जो त्रास वाटेल तेच त्यांना आवडायचं. डोळे मिटून चालवली तरी कुठली वाट आहे ते सांगेन, असं ते म्हणायचे.

टोपी बाजाराच्या तोंडाशी दौलतसिंहचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन पायऱ्या आणि एक शटर. दौलतसिंह मल्हाररावांच्याच वयाचा, बोलायला कंजूस, पण हाताने सच्चा. त्याच्याकडे मल्हाररावांनी एकेक गोष्ट बदलून घेतली. टेकडीचा चढ एका दमात चढवत नव्हता, म्हणून मागचं फ्रीव्हील जास्त दातांचं बसवलं. पाय हलके झाले. मग टोचणारी सीट गेली. मग हँडल चार बोटं जास्त रुंद आलं. मग चांगल्या पकडीचे टायर. दर वेळी नवा भाग लागला की मल्हारराव घरी येऊन सुधाताईंना अंगणात बोलवायचे.

"बघ, काय बदललं ओळख."

"घंटी?"

"घंटी नाही गं. पेडल!"

"छान आहेत. आता चहा पिऊन घ्या, थंड होऊन राहिलाय."

दुसऱ्या थंडीत हँडल थरथरायला लागलं.

आधी अगदी थोडं. सपाट डांबरी रस्त्यावर, वेग नसतानाही, डाव्या बाजूने एक बारीक थरकाप यायचा. मल्हाररावांनी दौलतसिंहला सांगितलं. त्याने पुढचं चाक काढून फिरवून पाहिलं, रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला, स्पोक ताणले. आठवडाभर बरं वाटलं, किंवा तसं वाटून घेतलं. पुन्हा तेच. मग हँडलच्या नळीतली छर्‍यांची बॉल रेस बदलली. मग जाड रबराच्या मुठी लावल्या. थरथर गेली नाही.

गरिमा, त्यांची मुलगी, नोएडात नोकरीला. व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "बाबा, शॉकरच नाहीये तर व्हायब्रेट होणारच ना! इतनी सस्ती साइकिल में क्या एक्सपेक्ट कर रहे हो? शॉकर लावून घ्या."

बाजारातही ज्याला विचारावं तो हेच सांगायचा. मल्हाररावांना सरळ चिमटा सोडवत नव्हता. पण फेब्रुवारीत एकदा थरथर इतकी वाढली की पायवाटेवर डाव्या हाताची पकड सुटली आणि ते बाभळीत जाऊन पडले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दौलतसिंहला सांगितलं, "लगा दो शॉकर."

शॉकर लागला. गाडी पुढून उंच, लडबडीत, परकी झाली. खडे कळेनासे झाले. थरथर मात्र कळत राहिली.

त्या संध्याकाळी ते शाळेतून परस्पर दुकानात गेले आणि जरा चिडूनच बोलले, "दौलतसिंह, तुमसे नहीं हो रहा तो बता दो. किसी और को दिखा लूँ."

दौलतसिंहने फडकं घेतलं. हात पुसले, सायकलवर टांग टाकली आणि बाजाराच्या गर्दीतून लांबवर जाऊन आला. परत येताना त्याचे दोन्ही हात मांड्यांवर होते. हँडल एका रेषेत, जरासुद्धा हलत नव्हतं. त्याने गाडी स्टँडवर लावली.

"बाबूजी, ज़रा पकड़ना."

"क्या?"

"बस, हैंडल पकड़ के खड़े रहो."

मल्हाररावांनी दोन्ही मुठी धरल्या. गाडी उभी, चाकं उभी, बाजार आपापल्या गडबडीत. आणि डाव्या मुठीजवळची घंटी किणकिण वाजायला लागली. अगदी हळू, न थांबता. मल्हाररावांनी मूठ आवळली. घंटी जास्त वाजली.

दौलतसिंहने घंटीवर आपला तळवा ठेवून ती बंद केली. म्हणाला, "गाड़ी में कुछ नहीं है, बाबूजी. पहले भी नहीं था. मैं... मुझे लगा था. कहते नहीं बना."

मल्हारराव घरापर्यंत सायकल हातात धरून चालत आले. वाटेत त्यांना एकेक गोष्ट आठवत गेली. गेल्या महिन्यात तराजूसमोर उभे असताना सरांनी, "राहू द्या, मी ठेवतो," म्हटलं होतं. सहीतलं 'ल्हा' अक्षर बारीक होत चाललं होतं. शर्टाचं वरचं बटण लावायला हल्ली वेळ लागायचा आणि त्यांनी काजं शिवणाऱ्या शिंप्याला दोष दिला होता. दर वेळी काहीतरी वेगळंच बिघडलेलं सापडत होतं.

सुधाताईंना त्यांनी काही सांगितलं नाही. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी सुधाताईंनी चहा दिला तेव्हा मल्हाररावांनी कपाकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच.

"अगं, हा कप अर्धाच आहे."

सुधाताई ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "दिवाळीपासून अर्धाच भरतेय मी," त्या म्हणाल्या. "दोनदा देते. तुम्हाला कळलं नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही रोज येऊन सायकलचं काय बदललं ते दाखवायचे."

इंदरगंजातल्या डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. बोटं जुळवायला लावली, खोलीत चालायला लावलं, मनगट धरून वळवून पाहिलं. पार्किन्सन, म्हणाले. गोळ्यांनी हात बराचसा ताब्यात राहील, पण आजार जाणार नाही. हळूहळू पुढे सरकेल.

"किती हळू?" सुधाताईंनी विचारलं.

"ते कुणालाच सांगता येत नाही, ताई."

मल्हाररावांनी एकच विचारलं, "सायकल?"

डॉक्टर म्हणाले, "पेडल मारणं चांगलंच आहे. गर्दीत एकट्याने जाऊ नका." टेबलावरच्या घंटीने पुढच्या पेशंटला आत बोलावलं गेलं, तरी मल्हारराव तिथेच बसून होते. सुधाताईंनी दंडाला धरून उठवलं.

गोळ्या सुरू झाल्या तसा हात खरंच निवला. मल्हाररावांच्या मनाने उचल खाल्ली. ते दौलतसिंहकडे गेले आणि म्हणाले, शॉकर काढून टाक, माझा जुना चिमटा लाव. दौलतसिंहने तो टाकला नव्हता; शटरच्या मागे खिळ्याला टांगून ठेवला होता. तो बसवला. डाव्या बोटांना ब्रेक वेळेवर दाबता येत नव्हता, म्हणून त्याने दोन्ही चाकांचे ब्रेक उजव्या हाताच्या एकाच दांडीवर आणले. ती दांडी पाहून मल्हारराव क्षणभर थांबले. अपंगांच्या तीनचाकीला असते तसली होती ती. दौलतसिंह मान खाली घालून वायर कसत होता. मल्हारराव म्हणाले, "बढ़िया है. बहुत बढ़िया."

पुढचे आठ-नऊ महिने त्या सायकलने त्यांना साथ दिली. आणि त्यात एक विचित्र गोष्ट होती. चालताना त्यांचे पाय आता अडखळायचे, दारात आले की उंबरठ्याशी चिकटून बसायचे. पण एकदा पेडलवर आले की पाय गोल गोल, बिनतक्रार फिरत. गुप्तेश्वरच्या वाटेवर पाहणाऱ्याला शंकासुद्धा आली नसती. घात व्हायचा तो थांबताना.

तो झाला इंदरगंजच्या चौकात, दुपारी, शाळेतून येताना. समोर अचानक रिक्षा आडवी आली. ब्रेक लागला, गाडी उभी राहिली. आता फक्त पाय जमिनीवर टेकवायचा होता. मल्हाररावांनी पायाला सांगितलं. पाय ऐकेना. त्यांना सगळं स्पष्ट दिसत होतं, डावा बूट पेडलवर आहे, रस्ता वीतभर खाली आहे, आणि मध्ये काहीच नाही. तरी पाय सुटला नाही. उभ्या सायकलीसकट ते झाड कोसळावं तसे बाजूला कलंडले. मागच्या स्कूटरवाल्याने कसाबसा ब्रेक मारला. माणसं धावली. दोघांनी काखेत हात घालून उचललं, पण उठवल्यावर पाऊलच पुढे पडेना.

"पी रखी है क्या अंकल ने?" मागून कुणीतरी विचारलं.

मल्हाररावांना सांगायचं होतं, शाळेतून येतोय, मास्तर लोकांत असतो. ओठांपर्यंत आलेलं वाक्य बारीक होऊन तिथेच विरलं. त्यांचा आवाजही अलीकडे असाच जायचा.

गुडघा फुटला, मनगटाचं हाड दुखावलं. गरिमा दोन दिवसांची सुट्टी काढून आली, बापाच्या पायाशी बसून रडली. "बाबा, प्लीज. अब नहीं. मला तिथे बसून फोन वाजला तरी भीती वाटते." मल्हाररावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात थरथरत होता. त्यांनी तो काढून घेतला. "नाही चालवत," ते म्हणाले.

आणि शब्द पाळला. शाळेतूनही त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. सायकल दौलतसिंहला देऊ केली, कुणा गरजवंताला दे म्हणून. तो म्हणाला, "रहने दो बाबूजी. हवा भर दिया करूँगा." महिन्यातून एकदा तो खरंच घरी येऊन हवा भरून जाई, चेनला तेल लावी. चालवायला कुणी नव्हतं, तरी.

हल्ली मल्हारराव संध्याकाळी सायकल घेऊन बाहेर पडतात. चालवत नाहीत, हँडल धरून तिच्या शेजारून चालतात. हे त्यांना योगायोगानेच सापडलं. नुसतं चाललं तर पाय दर दहा पावलांवर जमिनीला खिळतात. सायकल बरोबर असली की तिच्या चाकामागे पाऊल आपोआप पडतं. काठी घ्या म्हणून गरिमा सांगून थकली. सुधाताई चार पावलं मागून येतात, भाजीची पिशवी घेऊन, जणू आपल्या कामाला निघाल्या आहेत. त्या पुढे होत नाहीत आणि हातही देत नाहीत. तेवढं त्यांचं ठरलेलं आहे, न बोलता. पावलं दर महिन्याला आखूड होताहेत, ते मागून त्यांना नीट दिसतं.

परवा नाक्यावर एका मोटरसायकलवाल्याने वेग कमी करून हाक दिली, "अंकल, पंचर हो गई क्या? आगे टोपी बाज़ार में दुकान है!"

मल्हारराव थांबले. पुन्हा चालू व्हायला आता वेळ लागणार होता, हे त्यांना ठाऊक होतं.

"हाँ बेटा," ते म्हणाले, "वहीं जा रहा हूँ."